पाण्याखालची पायरी

ताई,

काल फोनवर तू विचारलंस, "तुमचे उंदीर जगले का गं?" मी म्हणाले, "जगले." तू हसलीस. "मग मला काय धाड भरणार आहे! उद्या त्या उपचारांच्या संमतीपत्रावर सही करून टाकते. पेन तेवढं तू आण, मी हल्ली विसरते."

जगले हे खरं आहे. तुझ्या डोक्यात आहे तशीच गाठ आम्ही प्रयोगशाळेत त्यांच्या डोक्यात वाढवली होती, आणि नव्या किरणोपचारांनी ती बहुतेकांची विरघळली. पण उपचारांआधी आम्ही त्यांना एक गोष्ट शिकवतो. गढूळ पाण्याच्या टाकीत पायरी लपवलेली असते. पोहत जाऊन तिच्यावर चढायचं. सगळे शिकले होते. उपचारांनंतर निम्म्यांना ती सापडेना. ते कडेकडेने गोल पोहत राहतात, आणि शेवटी मीच त्यांना उचलून कोरडं करते.

माणसांचं तसंच होईल असं नाही. डॉक्टर तुला सांगतील, "स्मरणशक्तीवर परिणाम होऊ शकतो." ते खोटं नाही. फक्त त्या वाक्यात पोहणारा उंदीर दिसत नाही.

तुला तो दिसला, तर तू सही करणार नाहीस. म्हणशील, "लेकीचं नाव विसरून जगण्यापेक्षा गेलेली बरी." आणि दुसरा उपचार आता उरलेला नाही.

मला तू हवी आहेस, मला ओळखलं नाहीस तरी. तुला काय हवंय, ते मी विचारलेलं नाही.

पेन पिशवीत ठेवलंय. हे पत्र ठेवलेलं नाही.

तुझी,
धाकटी