माश्या माझ्या हातचं खाऊन मेल्या नाहीत

वहिनींना नमस्कार,

तुमचे गुडघे काय म्हणतात? दादाचा खोकला थांबला का? (नसेल तर विडी कुठे लपवतो ते बघा.) मी धडधाकट आहे, फक्त डोकं फिरलंय.

तुम्हाला ठाऊकच आहे, मी प्रयोगशाळेत माश्यांचा स्वयंपाक करते. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट शिजवून बाटल्यांत ओतायचं, त्यावर फळांवरच्या त्या चिमुकल्या माश्या वाढतात. नऊ वर्षांत एक गुठळी झाली नाही. आणि मागच्या आठवड्यात बघते तर लाल झाकणाच्या बाटल्यांत माश्या पटापट मरून पडलेल्या, पांढऱ्या झाकणाच्या मात्र मजेत! म्हटलं, आता सगळे म्हणतील, बाईच्या हातचं खाऊन मेल्या. म्हणून मेलेल्या काढून टाकल्या आणि पांढऱ्यांतल्या तितक्याच लालमध्ये सोडल्या. (शेजारणीकडून वाटीभर पीठ आणतो, तसं.) दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई लाल बाटल्या बघून नाचायच्याच बाकी! सगळ्यांना हाका मारायला लागल्या, तेव्हा मला खरं सांगावं लागलं.

"अहो, त्या मरायलाच हव्या होत्या!" म्हणून अंगावर आल्या. ऐका आता! लाल-पांढऱ्या सगळ्या माश्यांना व्हायरस यांनीच टोचलेला. माशीच्या अंगात म्हणे बारीक कात्री असते. व्हायरस आपला आरएनए नावाचा धागा वाढवायला लागला की ती त्याचे बारके तुकडे करते. मग त्यातला एक तुकडा नमुना म्हणून धरून दुसरा गडी अंगभर हिंडतो, आणि तसाच धागा दिसला की तोडलाच! लालवाल्यांची ती कात्रीच यांनी जन्माआधी काढून घेतलेली. मग मरतील नाहीतर काय करतील? कात्रीशिवायही जगल्या असं वाटून बाई नाचत होत्या. पण हे मला आधी सांगायला यांच्या तोंडाला काय झालं होतं? झाकणांचे रंग सांभाळा म्हणाल्या, का सांभाळायचे ते नाही. आणि म्हणे तीन महिन्यांचं काम बुडालं ते माझ्यामुळे! आता मला बाटल्या धुवायला बसवायचं म्हणतात. सोमवारी ठरेल. बसवू देत, माझं काय अडलंय!

तुमची नणंद

ता. क. अडलंय. सोमवारच्या आत दोन ओळी लिहून पाठवा, की हिच्या हातचं खाऊन आमच्या घरात कधी कोणी आजारी पडलं नाही.

आणखी एक. दादाकडून लिहून घेऊ नका, तुमचं अक्षर मी लगेच ओळखते. माझ्या लग्नाआधी तुम्ही दादाला चिठ्ठी लिहिली होती ना, "हिच्या हातचं माशीसुद्धा खाणार नाही"? ती माझ्या हाती लागली होती, तेवढाच तुकडा फाडून पिठाच्या डब्यात जपून ठेवलाय. तुमचं पत्र आलं की टाकून देईन. आणि वहिनी, माश्या नऊ वर्षं खाताहेत, हेही त्यात लिहा.