दारातली खुर्ची

दि. ४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बाबांचं शेवटचं पिंप काल टेम्पोत चढवलं. बिअरच्या त्या मोठ्या महोत्सवात ते एका कोपऱ्यातल्या टेबलावर असेल. ओतून द्यायला तिथलीच माणसं असतात. मी जाणार नाही. तापातून उठल्यापासून नाक मेलंय ते मेलंच, डॉक्टरांनीही हात टेकले. चारचौघांनी बाबांची बिअर प्यायची आणि मला ती पाण्यासारखी लागायची, हे मला सोसणार नाही.

म्हणून तू जा. हसू नकोस. लहानपणी दूध नासलंय हे आईच्या आधी तू सांगायचीस. आपल्या कारखान्याला तू अजून ‘भट्टी’ म्हणतेस आणि लग्नानंतर त्याचा उंबरा ओलांडलेला नाहीस, हे ठाऊक असूनही विचारतोय.

ते पिंप कसं भरलं हे तुला कधी सांगितलं नाही. जव भाजताना सगळा खेळ वासाचा. करपायच्या जरा आधी उतरवायचा, नाहीतर सगळं कडू. बाबांच्या हातात ताकद उरली नव्हती आणि मला वास येत नव्हता. मग ते दारात खुर्ची टाकून बसायचे, मी ढवळायचो. ते ‘उतरव’ म्हणाले की उतरवायचं. आमचं दोघांचं मिळून ते पिंप. ते पिकायच्या आत बाबा गेले. ते साधलं असेल तर कारखाना ठेवीन, फसलं असेल तर विकून मोकळा होईन. चव तूच सांग.

आता नीट ऐक. पोटभर जेवून जा, रिकाम्या पोटी एक घोटही नको. सपाट चपला घाल, उभं राहून पाय बोलायला लागतात. अत्तर लावू नकोस. ग्लास अर्ध्याहून कमी भरून माग, आवडली नाही तर सरळ ओतून दे, तिथे कुणी रागावत नाही. दर वेळी ग्लास विसळ आणि मध्येमध्ये पाणी पी. फिकी बिअर आधी, गडद शेवटी, नाहीतर जीभ बधिर होते. बाबांची सगळ्यात गडद आहे. आणि परत येताना गाडी स्वतः चालवू नकोस.

भावजींना नमस्कार. माझ्यावरचा राग आणि लोभ दोन्ही जपून ठेव.

तुझं,
शेंडेफळ

दि. १२ मार्च

चि. शेंडेफळास,
अ. उ. आ.

काल जाऊन आले. आधी वाईट तेच सांगते. मला बाबांची बिअर मिळाली नाही.

तुझं पत्र पर्समध्ये घेऊन गेले होते. शाळेत भूमिती शिकवून शिकवून मला पायरी चुकवताच येत नाही, हे तू जाणतोसच. जेवून गेले, ग्लास विसळत राहिले, फिक्यापासून सुरुवात केली. पहिल्या घोटाला तोंड वाकडं झालं, चौथ्याला जरा सरळ झालं. बाबांचं टेबल लांबून दिसत होतं आणि त्यापुढची रांगही. मनात म्हटलं, शेवटी म्हणजे शेवटी. तिथे पोहोचले तेव्हा रांग नव्हती. पिंप दुपारीच संपलं, असं तोटीवरच्या बाईने सांगितलं. विसळलेला ग्लास हातात धरून मी उभी राहिले आणि मला रडू आवरेना. एवढ्या परक्या माणसांनी प्यायली आणि आपल्यातल्या कुणीच नाही.

मी कोण ते त्या बाईला सांगितलं. ती पिंपाचं बूच काढून बाजूला झाली. मी भोकाला नाक लावलं. शेंडेफळा, बाबा कामावरून आले की त्यांचा कोट खुंटीला मी अडकवायची. तोच वास. भाजलेला जव, ओलं लाकूड आणि रंग धरलेली साखर. पुन्हा पुन्हा हुंगलं. करपल्याचा वास कुठेही नव्हता. लोक बघत होते, बघू देत. शेवटचा ग्लास मिळालेले एक गृहस्थ तिथेच होते. कशी होती, असं विचारलं तर म्हणाले की मित्रासाठी अर्धी ठेवणार होतो, पण ठेववली नाही.

चव मी सांगू शकत नाही. पण बाबांनी वेळेवर सांगितलं आणि तू वेळेवर उतरवलंस, एवढं छातीठोकपणे सांगते. तुझी ती भट्टी विकू नकोस. परीक्षा संपल्या की मी येते. प्यायला मला अजूनही फारसं आवडणार नाही, पण करपायच्या आधीचा वास मला कळतो. दारातल्या त्या खुर्चीवर हल्ली कोण बसतं, ते कळव.

जेवणाची हेळसांड करू नकोस. तब्येत सांभाळलीस तर आशीर्वाद लागू पडतील.

तुझी,
ताई

दि. १७ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. सगळ्या जगाला सांगतो तीच सूचना तुला लिहायची राहिली. ज्याचं एकच पिंप असतं, तिथे आधी जायचं असतं. घरच्या माणसाला हे काय सांगायचं, असं वाटलं असावं. आणि तू तरी कशी, माझं कधी नव्हे ते ऐकलंस.

विकत घेणाऱ्यांना काल नाही म्हणून कळवलं.

खुर्चीवर कुणी बसत नाही. बाबा गेल्यावर मी तिच्यावर रिकामी पोती टाकून ठेवली होती, दिसू नये म्हणून. आज ती उचलली, खुर्ची पुसली आणि होती तिथेच दारात ठेवली. उंबरा तिच्या पुढे आहे, तेव्हा बसायचं तर तुला तो ओलांडावा लागेल. जव आणून ठेवलाय. तू ‘उतरव’ म्हणायला येईपर्यंत चूल पेटवणार नाही.

लवकर ये, बाकी काही मागणं नाही.

तुझं,
शेंडेफळ