राजाची रजा आणि अळूतलं मीठ

अण्णा,

मंगळवारी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी एका राजाला नोकरी सोडताना पाहिलं आणि तुमची इतकी आठवण आली की डबा तसाच राहिला. राजा जपानचा, पंच्याऐंशी वर्षांचा. माझ्या शेजारी बसणारी बाई मूळची तिकडची, वयाने माझ्याएवढीच. तिने त्याच दिवशी झालेला सोहळा फोनवर लावला आणि फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून दोघींच्या मध्ये ठेवला. सोहळा कसला, दहा मिनिटांचं काम. ना हत्ती ना घोडे. कोट घातलेला एक वाकलेला म्हातारा, बाजूला बायको, समोर गप्प उभी माणसं. त्याने कागदावरून थोडंसं वाचलं, लोकांचे आभार मानले आणि पायरी उतरताना बायकोला हात दिला. दाराशी गेल्यावर वळला, सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि गेला. तो वाकला तेव्हा मला तुम्ही दिसलात, सांगलीच्या त्या मंगलकार्यालयात, पंगतीसमोर हात जोडून उभे.

ती सांगत होती की तिकडे राजाला राजीनामा देण्याची सोयच नाही. गादीवर बसला की मरेपर्यंत. ह्याने काही वर्षांपूर्वी टीव्हीवर येऊन सांगितलं, शरीर साथ देत नाही, काम पूर्वीसारखं होईलच असं नाही. सरळ 'मला जाऊ द्या' म्हणायचीही मुभा नव्हती बिचाऱ्याला, म्हणून असं आडून आडून. मग त्याच्या एकट्यापुरता कायदा केला. मी विचारलं, आता कोण? तर मुलगा. आणि त्याच्यानंतर? त्याला एकच मुलगी, आणि मुलीला गादी नाही, म्हणून मग त्याचा भाऊ आणि भावाचा मुलगा. "शी इज स्मार्ट. डझन्ट मॅटर," असं म्हणून तिने खांदे उडवले. मी म्हटलं, आमच्या घरीही असंच झालं. तिला वाटलं मी कुठल्यातरी संस्थानाबद्दल बोलतेय. मी आपली लग्नामुंजीच्या आचाऱ्याबद्दल बोलत होते.

तुमच्या त्या राज्याचे नियम मला अजून पाठ आहेत. कार्यालयाच्या मागे पत्र्याची शेड, चार चुली, प्रत्येकीवर कंबरेएवढं पातेलं, आणि मधोमध पंचा नेसलेले तुम्ही, हातात लांब दांड्याचा झारा. देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत कुणी काही चाखायचं नाही. चाखलं की ते उष्टं. त्यामुळे मीठ घालायचा हक्क एकाच हाताला, तुमच्या. तुम्ही पातेल्यावर वाकून वाफेचा वास घ्यायचात, मुठीने मीठ टाकायचात आणि मोठ्याने म्हणायचात, "मीठ झालं!" ते ऐकल्यावर त्या पातेल्याकडे मिठाचा हात न्यायची कुणाची छाती नव्हती. मी बाराव्या वर्षापासून कोपऱ्यात बसून अळू चिरायचे आणि हाताला खाज सुटली की चिंचेचं पाणी चोळायचे. वासावरून मीठ ओळखायला मला कुणी शिकवलं नाही, तुमच्याकडे बघून बघून आलं. एकदा तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "पोरीचा हात माझ्यावर गेलाय." मग जरा थांबून म्हणालात, "मुलगा असती तर काळजी नव्हती." आणि काकांच्या मुलाला हाताखाली घेतलंत, ज्याला आमटी आणि सार यांतला फरक चाखूनही कळत नसे. मला राग आला होता, अण्णा. कधी बोलून दाखवला नाही, पण होता.

मग ती मुंज. माझं लग्न ठरलेलं, होणारा नवरा अमेरिकेत, आणि तुम्ही बासष्टचे. त्या वर्षी तुम्ही विसरायला लागला होतात. एकदा वरणात हिंग राहिला, एकदा भाताचं आधण ठेवून बाहेर गप्पा मारत बसलात. हाताखालच्या बायका एकमेकींकडे बघायच्या आणि मला ते बघवायचं नाही. त्या दिवशी अळू रटरटतंय, चण्याची डाळ शिजलीय, गूळ पडलाय. मी कान देऊन बसलेय आणि "मीठ झालं" काही ऐकू येत नाही. बाहेर सनई लागलीय. तुम्ही यजमानांशी बोलायला निघून जाता. मी उठते, पातेल्यावर वाकते. धुरात आणि शेजारच्या फोडणीच्या खाटात मला वासच लागत नाही. तरी माझी खात्री होते की अण्णा विसरले. तुम्हाला जाऊन विचारावं, तर चार माणसांत तुम्हाला विसराळू म्हटल्यासारखं होईल. मी चार मुठी मीठ घालते, ढवळते आणि परत जागेवर येऊन बसते. तुम्ही "मीठ झालं" म्हणाला होतात आणि सनईत ते बुडालं, की म्हणायचंच राहिलं, ते मला आजही माहीत नाही. आपण अण्णांची लाज राखली असं मला वाटत होतं. आणि खरं सांगायचं तर, शेवटी पोरीचाच हात कामाला आला, असंही वाटत होतं.

पहिली पंगत बसली आणि यजमानांच्या म्हाताऱ्या मामांनी पहिल्याच घासाला विचारलं, "काय आचारी, सांगलीत समुद्र आणलात की काय?" लोक हसले. तुम्ही बोटावर थेंब घेऊन चाखलात आणि तुमचा चेहरा उतरला. कुणावर ओरडला नाहीत. शेडमध्ये येऊन एवढंच म्हणालात, "एकदा घातलेलं आठवतंय मला. दुसऱ्यांदा कधी घातलं, ते आठवत नाही." मी खाली बसून अळूची देठं गोळा करत होते. बोलायचं होतं ते तेव्हाच. मी मिठाची गुळणी धरून बसले. तुम्ही बाहेर गेलात आणि पंगतीसमोर हात जोडून म्हणालात, "चूक माझी आहे. हात थकला आता. आजपासून हा झारा पुतण्याचा." तुम्हाला जा असं कुणीच म्हणालं नव्हतं. यजमानसुद्धा म्हणाले, अहो, होतं एखाद्या वेळी, एवढं काय मनाला लावून घेता. तुम्ही कुणाचं ऐकलं नाहीत.

त्यानंतर तुम्ही नऊ वर्षं जगलात आणि घरातल्या मिठाच्या बरणीलाही हात लावला नाहीत. आईची भाजी अळणी झाली तरी तशीच खायचात. लग्नानंतर मी पहिल्यांदा इथून सुट्टीवर आले, तेव्हा जेवताना तुम्ही मला हळूच विचारलंत, "बघ गं, मीठ बरोबर आहे ना? माझं काही खरं नाही आता." मी म्हणाले, "बरोबर आहे, अण्णा." आई वाढत होती, आपण तिघंच होतो, सांगायला कुणाची आडकाठी नव्हती. तरी नाही सांगितलं. पुढे मी स्वतःची समजूत घालत आले की तुम्ही तसेही थकला होतात, आज ना उद्या थांबला असतातच. ते खरंही असेल. पण तो राजा स्वतःचं शरीर ओळखून गेला. तुम्ही माझी चूक स्वतःची समजून गेलात आणि ज्या हाताने हजारो पानं जेवू घातली, त्या हाताला नऊ वर्षं भीत राहिलात. ह्याचं मला फार वाईट वाटतं, अण्णा. तेव्हा वाटलं त्याहून आता जास्त वाटतं, कारण आता माझंही वय झालं.

काल इथे, मॉरिसव्हिलला, मंडळाची सत्यनारायणाची पूजा होती. वीस वर्षं तो स्वयंपाक माझ्याकडे आहे. चुली नाहीत, हॉलमागच्या पार्किंगमध्ये गॅसच्या शेगड्या मांडतो. अळू फ्रोझन मिळतं, ते मेलं खाजतही नाही. नियम मात्र तुमचाच. पुण्या-नागपूरकडची आयटीतली पोरं माझ्या मागे लागतात, "काकू, एक चमचा टेस्ट करू द्या ना, यार! अडीचशे लोक आहेत, रिस्क कशाला?" मी त्यांना झारा दाखवून पळवून लावते. माझी लेक मदतीला येते. ती इथेच जन्मली, फिजिओथेरपिस्ट आहे, मराठीत ऐकते आणि बरंचसं इंग्रजीत बोलते. काल मी अळूवर वाकून मुठीत मीठ घेतलं, तर तिने माझं मनगटच धरलं.

"आई, डिड यू ऑलरेडी सॉल्ट इट?"

"नाही."

"आय थिंक यू डिड. फोडणीच्या आधी. मीठ झालं म्हणालीस. आय हर्ड यू."

चारचौघांत, चांगली मोठ्याने. पोरं वळून बघायला लागली. मला आधी सणकून राग आला, मग मी मूठ डब्यात रिकामी केली. नैवेद्यानंतर चाखून पाहिलं, ती म्हणत होती तेच बरोबर होतं. इतकं सोपं होतं, अण्णा. विचारायचं, बस. तुम्ही माझ्यावर खेकसला असतात, बायका तोंडाला पदर लावून हसल्या असत्या, आणि आणखी पाच वर्षं तरी त्या शेडमध्ये तुमचाच आवाज घुमला असता. मी लेकीला म्हणाले, पुढच्या वर्षीपासून मीठ तू घालायचंस. "मी? सिरियसली? मला तो स्मेल वगैरे काही कळत नाही हं," ती म्हणाली. म्हटलं, येईल. नाही आलं तर चाखून घाल, देव काही लगेच उठून जात नाही. हे वाक्य तुम्हाला आवडणार नाही, ठाऊक आहे मला.

हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, म्हणूनच तर इतकं लिहिता आलं. काल घरी येताना गाडी ती चालवत होती. तिने विचारलं की हे न चाखण्याचं प्रकरण कुणी सुरू केलं, म्हणून मी तिला तुमची सगळी गोष्ट सांगितली, अगदी मामांच्या समुद्रासकट. ती हळहळली. "पुअर आजोबा. पण मग सेकंड टाइम सॉल्ट कोणी घातलं?" सिग्नल लाल होता आणि ती माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "होती एक मुलगी, मदतीला यायची."

"अँड शी नेव्हर टोल्ड हिम?"

"लहान होती गं," मी म्हणाले.

चोवीस वर्षांची होते, अण्णा.