खडे क्रमांक ४१ ते ५८

मी, नृसिंह गोविंद जोर्वेकर, वय ७२, दुय्यम निबंधक कार्यालयातील निवृत्त लिपिक, राहणार सावेडी, अहिल्यानगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हस्ताक्षरात आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. मला अधूनमधून चक्कर येते, पण तिचा बुद्धीशी संबंध नाही. डॉक्टर म्हणतात, कानातले चुन्याचे कण जागचे हलतात. हे ऐकून माझी पत्नी सुचित्रा हसली होती.

"अहो, म्हणजे तुमच्याही कानात खडे आहेत. फक्त घासून लख्ख करायला जाऊ नका."

मीही हसलो. ती काय म्हणाली, ते मला ती गेल्यावर कळले. म्हणून हे मृत्युपत्र.

१. सावेडीचा फ्लॅट आणि बँकेत असेल ते सर्व माझा मुलगा गंधार याचे. मागच्या बाल्कनीतला पाटा त्याने टाकू नये. त्यावर सुचित्रा माशांची डोकी उघडत असे. आमच्या घरात मासे खात नाहीत, त्यामुळे तिचा नियम कडक होता: पाटा बाहेर, चिमटे बाहेर, आंघोळ झाल्याशिवाय स्वयंपाकघरात पाय नाही. तरीही सोसायटीच्या तेव्हाच्या चेअरमननी वासाबद्दल नोटीस लावली होती. ती मी जपून ठेवली आहे. माझ्यामागे त्यांना परत करावी.

२. सुचित्राने राहुरीच्या कॉलेजात तीस वर्षे प्राणिशास्त्र शिकवले आणि सगळा वेळ मुळा धरणातल्या मरळ माशाच्या कानातल्या खड्यांचा अभ्यास केला. शास्त्रात त्यांना कर्णाश्म म्हणतात. तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा, पांढरा खडा. तो घासून पातळ केला की झाडाच्या खोडासारखी वलये दिसतात. ती मोजून माशाचे वय कळते. उन्हाळ्यात पाणी उतरले, खायला कमी झाले, की वलय अरुंद पडते. ती म्हणायची, "माशाला तारीख सांगता येत नाही, म्हणून तो कानात लिहून ठेवतो." सूक्ष्मदर्शक, खड्यांच्या सर्व बाटल्या आणि नोंदवह्या तिची विद्यार्थिनी मनवा हिला द्याव्यात. बाटल्यांवरची अक्षरे माझी आहेत. मला त्या शास्त्रातले तेवढेच येत होते.

३. सुचित्राची स्कूटर मच्छिंद्र रखमाजी बर्डे, बारागाव नांदूर, याला द्यावी. (खोडले. कारण कलम ६ मध्ये.) मच्छिंद्र धरणावर मासेमारी करतो. वीस वर्षे तो आमच्या मागच्या दारी डोकी आणून देत असे. "मुंडकी बाईंची, कालवन आमचं," म्हणायचा. हिशेब चोख.

४. आता जे लिहायचे ते. क्रमांक ४१ ते ५८ हे अठरा जोड २०१२ आणि २०१३ सालच्या दुष्काळातले होते. धरण तळाला गेले तेव्हाचे. तसे मासे पुन्हा मिळणार नव्हते. २०१६ साली आम्ही राहुरीहून सावेडीला आलो. सामान बांधण्याच्या आठवड्यात सुचित्रा पुण्याला बहिणीकडे गेली होती. परत आल्यावर ते खडे ती एका मोठ्या शास्त्रज्ञांना दाखवणार होती. मी पाहिले, तर खडे पिवळट पडलेले. त्या दिवशी मी देवाची उपकरणी लिंबाने घासत होतो. ती लख्ख निघाली. मला वाटले, हेही होतील. प्रत्येक बाटलीत लिंबू पिळले. बुडबुडे आले तेव्हा मळ निघतोय असे समजून मला आनंद झाला. दुपारी पाहिले, तर बाटल्यांत गढूळ पाणी आणि थोडी कणी उरली होती.

मी बाटल्या धुऊन पिशवीतून आणल्या आणि सावेडीच्या माळ्यावर लपवल्या. टाकवल्या नाहीत. सामान मच्छिंद्रच्या टेम्पोतून आले होते. मी तिला सांगितले, खोका वाटेत पडला असेल. नोंदवहीत मीच लिहिले, "वाहतुकीत गहाळ (टेम्पो)."

मच्छिंद्र दारात उभा होता. म्हणाला, "माझ्या गाडीतनं काय पडलं न्हाई. पर भाऊसाहेब म्हनतात तर आसंल." त्यानंतर तो घरी आला नाही. सुचित्रा बस स्टँडवर जाऊन त्याच्याकडून डोकी घेऊ लागली. दुष्काळावरचा तिचा लेख कधी लिहून झाला नाही. मला ती एवढेच म्हणाली, "यापुढे बाटल्या स्वयंपाकघरात नेऊ नका." मला वाटले, सोवळ्याचे म्हणत असेल.

ती गेल्यावर महिन्याने वही उघडली. माझ्या नोंदीशेजारी तिच्या पेन्सिलीने लिहिले होते: "माळ्यावर सापडल्या. ४७ मध्ये लिंबाची बी." खाली २०१६ सालचीच तारीख. नऊ वर्षे तिला माहीत होते.

५. आमच्या कचेरीत चुकीची नोंद कधी गिरवत नसत. एक आडवी रेघ मारून वर खरे लिहायचे आणि शेजारी सही करायची. तसे मी वहीत केले आहे. मनवाने या खड्यांबद्दल पुढे कधी काही छापले, तर दुष्काळाच्या दोन वर्षांपुढे "गहाळ" लिहू नये. "नृसिंह जोर्वेकर यांनी लिंबाच्या रसात घातले" असे लिहावे. मच्छिंद्रचे नाव कुठेही राहू नये.

६. हे सर्व माझ्यामागे वाचले जाणे मला पटेना. आज सकाळी रिक्षाने, मच्छिंद्र मासे विकायला बसतो त्या स्टँडवर गेलो, त्याला घरी आणले आणि कलम ५ पर्यंत वाचून दाखवले. ऐकून तो म्हणाला:

"भाऊसाहेब, बाईंनी तवाच सांगितलं हुतं मला."

मी विचारले, "मग तू येणे का सोडलेस?"

"बाई म्हनल्या, त्यांना कळू द्यायचं न्हाई, लई लावून घेतील. मला तुमच्यापुढं रागावल्याचं सोंग जमंना. हसू यायचं. म्हनून स्टँडवर."

स्कूटरचे सांगितले तर म्हणाला, "ह्या वयात? धरनातच जाईन." मी म्हणालो, साक्षीदाराला मृत्युपत्रात काही देऊ नये असा शिरस्ता आहे, त्यामुळे एक काहीतरी निवड. त्याने पेन मागितले. स्कूटर मनवाला द्यावी.

७. माझ्या अस्थी सुचित्राच्या गेल्या तिथेच, मुळेच्या पाण्यात सोडाव्यात. नाव मच्छिंद्रची असावी.

लिहून देणार: नृसिंह गोविंद जोर्वेकर
ठिकाण: सावेडी, अहिल्यानगर
दिनांक: ७ जानेवारी २०२६

आमच्यासमोर सही केली:

साक्षीदार १: राजेश्वरी अनंत मुळे, शेजारी

साक्षीदार २: मच्छिंद्र रखमाजी बर्डे
(स्वतःच्या अक्षरात) सगळं आईकलं. टेम्पोतून काही पडलं नव्हतं हे खरं आहे. भाऊसाहेबांवर बाईंचा राग नव्हता हे पण खरं आहे.