ओसरीत बसायची नोकरी

४ जानेवारी १९५३

वच्छला पोरी, लिहायला फार उशीर झाला, राग धरू नकोस. आलो त्याच दिवशी कागद लिहिणार होतो, पण ज्याने मला कामाला ठेवले तो चुन्नीलाल म्हणाला, खळ्यावरची धानाची चुरणी संपेपर्यंत इथून कोणाला काही धाडायचे नाही. म्हणून या वहीत लिहून ठेवतो. मनिराम गाडीवाला गोंदियाला निघेल तेव्हा त्याच्या हाती देईन.

इथे माझे छान चालले आहे. दवनीवाड्याच्या पलीकडे, नदीच्या अंगाला, गावापासून अलग असे मोठे कौलारू घर आहे. झोपायला बाज, नवी गोधडी, दोन्ही वेळा भात आणि लाखोळीचे वरण. खोकल्याचे विचारू नकोस, तो आहेच.

ही नोकरी कशी मिळाली ते तुला नीट सांगितले नव्हते. धानबाजारात चहा पीत बसलो होतो, तर हा चुन्नीलाल समोर उभा राहून माझ्याकडे पाहतच राहिला. मग म्हणाला, बुवा, जरा चालून दाखवा. मी चाललो. बैलबाजारात दात तरी पाहतात, याने तेवढे सोडले. घरी कोण कोण, असे विचारले. मी म्हणालो, एक पोरगी, फुलचूरला दिलेली. बाकी कोणी नाही. ते ऐकून त्याला बरे वाटले. पगार ऐकून तुझ्या नवऱ्याने, चैतरामने, मला पहिल्यांदा ‘बसा मामाजी’ म्हटले, ते तू ऐकलेच आहेस. आता निदान तुमच्या घरी मान वर करून जेवता येईल.

काम असे. घरधनी ईश्वरदास पाटील इलाजासाठी नागपूरला गेले आहेत. चुन्नीलाल त्यांचा पुतण्या. पाटील घरी नाहीत हे कळले तर मजूर खळ्यावरून धान उचलतील, असे तो म्हणतो. माझा चेहरा पाटलांसारखा आहे. मी त्यांचे धोतर, कोट आणि पागोटे घालून, गळ्याला पट्टी बांधून ओसरीत बसायचे. घसा बसला आहे असे सगळ्यांना सांगितले आहे, म्हणून बोलायचे नाही. कोणी रामराम केला की हात वर करायचा. यात कोणाचे वाईट होते, असे मला वाटत नाही. तरी तुला विचारायला हवे होते.

११ जानेवारी

पागोटे फार घट्ट बसते. कपाळ ठणकते.

लोक खूप मान देतात. काल मजूरबायांतली रुख्मा डोक्यावर भारा घेऊन ओसरीसमोर थांबली आणि म्हणाली, “पाटील यंदा शिव्या देऊन नाही राहिले. थंडीनं गोड झाले वाटते.” सगळ्या हसल्या. मलाही हसू फुटत होते, पण चुन्नीलालने डोळे वटारले.

लोक असले की पाटलीणबाई, सुशिलाबाई, दाराशी येऊन बसतात. हातभर हिरवा चुडा, कपाळाला ठसठशीत कुंकू. माझ्याकडे बघत नाहीत. परका पुरुष, कशाला बघतील?

१९ जानेवारी

जिवाला चैन नाही. आज रजिस्ट्रीचे साहेब घरी आले होते. आजारी माणसासाठी येतात म्हणे. चुन्नीलालने आधीच सांगून ठेवले होते की पाटलांनी जमीन त्याच्या नावे करायचे कबूल केले आहे, नागपूरहून येववत नाही एवढेच. मी मान हलवून अंगठा द्यायचा. मी म्हणालो, मी तिसरी शिकलो आहे, सही करतो. तो म्हणाला, “पाटलाले येते का लिहाले? मग तुले काऊन लिहाचं?” आजवर तो मला अहो-जाहो करत होता.

मी अंगठा दिला. राखेने घासला तरी शाई जात नाही.

२२ जानेवारी

ओसरीत बसणे बंद झाले. चुन्नीलाल म्हणाला, तुझी तब्येत बिघडली आहे. मी म्हणालो, मी ठणठणीत आहे. तो म्हणाला, गावात तसे सांगून झाले आहे. मला आतल्या खोलीत आणून निजवले. एक काढा देतात. कडू जहर.

दुपारी सुशिलाबाई ताट घेऊन आल्या. घरात दुसरे कोणी नव्हते. पदराखालून हात पुढे आला, तो मोकळा. एकही बांगडी नाही. कपाळही कोरे. संध्याकाळी गावची माणसे माझी खबर घ्यायला आली, तेव्हा तोच चुडा, तेच कुंकू.

वच्छला, नवरा जिवंत असलेली कोणती बाई घरात अशी राहते?

२३ जानेवारी

आज सुशिलाबाईंना विचारले. पाटील कुठे आहेत?  त्यांनी खिडकीतून बांधाकडे बघितले. तिथे तणसाचे ढीग आहेत. बैलांना बाकीच्यांतले काढून टाकतात, कडेच्या ढिगाला कोणी हात लावत नाही.

म्हणाल्या, पाटलाने अंगठा द्यायला नाही म्हटले होते. आपण तोंड उघडले तर तिथेच आपलीही जागा आहे, असे चुन्नीलालने बजावले आहे.

जाताना म्हणाल्या, “जेवून घे. अन् पाय चालून राहिले तोवर पळ.”

२५ जानेवारी

पळालो. भर दुपारी. फाटकापर्यंतच. पाय कापसाचे झाले होते, त्या काढ्याने — चुन्नीलालने काखेत धरले आणि मोठ्याने म्हणाला, काका, एवढ्या तापात कुठे निघाले? मला ताप नाही. मजूर बघत होते. तोंडातून आवाज निघेना. रुख्मा डोळ्यांना पदर लावत होती.

आता बाहेरून कडी.

पडून विचार करतो. एक दिवस पाटील मेले असे सांगावे लागेलच. गावोगावचे लोक शेवटचे तोंड पाहायला येतील. कोणाचे तोंड दाखवणार? खरे तोंड तर तणसाखाली —

म्हणजे माझे.

२७ जानेवारी

कामठ्याचे सुकराम आले. पाटलांचे लहानपणचे सोबती. चुन्नीलाल उशाशी. तरी मी बोललो. सगळा जीव एकवटून म्हणालो, मी पाटील नाही, मी फुलचूरच्या वच्छलाचा बाप, बकाराम —

म्हातारा रडला. माझा हात गालाला लावून म्हणाला, “ईश्वरा, आपलं नावच भुलला गा तू.”

माझ्याकडे नाही, पागोट्याकडे बघत होता. निजलेल्या माणसाला पागोटे कोण बांधतो —

चुन्नीलाल म्हणाला, ताप डोक्यात गेला. सगळ्यांनी मान हलवली.

२८

मागे बांबू तोडत आहेत. ऐकू येते.

अजून श्वास चालू आहे आणि बाहेर बाया जमल्या —

काढा थुंकला. थोडा गेलाच. अक्षर हलते, माफ कर.

सुशिलाबाई दाराशी आहेत. मनिरामची गाडी निघते आहे, वही पदराखालून त्याला देतील म्हणतात. हात पुढे केला आहे. लवकर, म्हणतात —

वच्छला, तू ये. चैतरामला एकट्याला नको, त्याचे कोणी ऐकणार नाही. तू ये आणि सगळ्यांसमोर मला बाबा म्हण. एकदाच म्हण. येता आले नाही तर निरोप तरी धाड, आजच धाड, सुकरामला धाड, की हा माणूस आमचा आहे, याचे नाव बका—