अकरा सेकंदांचं लग्न

पेठ, मंगळवार

आदरणीय हौशीरामभाऊ यांना सोपानचा दोन्ही हात जोडून नमस्कार. झुंबरवहिनींनाही सांगावा. तळेघरला सगळे बरे असाल. तुमच्या गुडघ्याचं कसं आहे, नाचणी मळून झाली का, हे फोनवरच विचारणार होतो. पण लग्नापासून तुम्ही माझा फोन उचलत नाही. (चौदा वेळा लावला. तुमच्याकडे रेंज नसते हे मला ठाऊक आहे, पण तुमच्या बहिणीच्या, प्रयागच्या फोनला ती बरोबर येते.) म्हणून पत्र लिहितो. रागानं फाडायचं असेल तर वाचून झाल्यावर फाडा.

ते यंत्र मी का बनवलं, ते आधी सांगतो. गेल्या वर्षी पुतण्याचं, अमृतचं लग्न झालं, तेव्हा बारा पस्तीसचा मुहूर्त होता आणि अक्षता पडल्या सव्वादोनला. मधल्या वेळात अकरा जणांनी वधूवरांना आशीर्वाद दिले. त्यातल्या एकानं तर कालव्याच्या पाण्यापासून सुरुवात केली. पोरांनी हातातल्या अक्षता खाऊन संपवल्या. नवरदेव फेटा बांधून उभा होता, त्याला चक्कर आली. मी एसटीत कंट्रोलर म्हणून तेहतीस वर्षं गाड्या वेळेवर सोडल्या (निदान सोडायच्या वेळा तरी फळ्यावर लिहिल्या), त्यामुळे मला ते फार लागलं. आमच्या पोरीच्या, हर्षालीच्या लग्नात असं होऊ द्यायचं नाही, हे मी तिथंच ठरवलं.

मंचरच्या रेडिओ दुरुस्तीवाल्यानं मला टायमर शिकवला. वस्तू अगदी साधी आहे. आठ पायांचा एक काळा आयसी, म्हणजे वेळ मोजणारी चिप, मुंगळ्यासारखी दिसणारी. शेजारी कपॅसिटर, म्हणजे विजेची छोटी टाकी समजा. आणि रेझिस्टर, म्हणजे त्या टाकीची तोटी. बटण दाबलं की माईक चालू होतो आणि तोटीतून टाकी भरायला लागते. टाकी ठरल्या मापाला भरली की 'टक' असा आवाज होऊन माईक बंद. तोटी जितकी बारीक तितकं भाषण मोठं. पहिला कपॅसिटर मी उलटा जोडला, तो फुटला आणि त्याचं टोपण आमटीत पडलं. प्रयाग म्हणाली, "लग्नाआधी घर पेटवायचं व्हतं तर मांडवाचा खर्च कशाला केला?" पण तिसऱ्या आठवड्यात यंत्र चालू झालं. घड्याळ लावून पाहिलं, बरोबर एकशे दहा सेकंद. मी ते पेढ्याच्या डब्यात बसवलं. हर्षालीनं हात लावून पाहिलं आणि म्हणाली, "पप्पा, सासरी सांगू नका हे तुम्ही बनवलंय म्हणून."

लग्नाच्या दिवशी डबा मांडवात आणताना आपटला आणि रेझिस्टरचा पाय तुटला. माझ्या खिशात जोडीला आणखी दोन होते. त्यांची किंमत रंगाच्या पट्ट्यांवरून ओळखतात; मला हवी होती पिवळी पट्टी. पण डोक्यावर मंडपवाल्याचं भगवं कापड, त्याखाली पिवळं काय आणि केशरी काय, सगळं एकच. मी केशरीवाला जोडला. म्हणजे तोटी दहापट मोठी झाली आणि टाकी अकरा सेकंदांत भरू लागली.

पुढचं तुम्ही पाहिलंतच. पहिले पाहुणे "व्यासपीठावर उपस्थित सर्व" एवढंच बोलले आणि टक. त्यांनी माईकवर बोटानं टकटक केलं, फुंकर मारली. साउंडवाला पोरगा आदेश दुरून माझ्याकडे बोट दाखवत होता. दुसऱ्यांचं "आज या ठिकाणी" होईपर्यंत गेलं. तिसऱ्यांना वाटलं, ही नवी पद्धत आहे. ते "सुखी राहा" म्हणून खाली बसले आणि मांडवानं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. चार मिनिटांत नऊ जण संपले.

आणि मग तुम्ही उठलात. मामा म्हणून. खिशातून कागद काढलात, चष्मा लावलात आणि म्हणालात, "माझी भाची जन्मली तेव्हा तळेघरात पाऊस..." टक. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. माझा हात डब्यावर होता, पण मी इतका गोंधळलो की बोट हलेना. तुम्ही म्हणालात, "दाजी, माईक मेला का मीच मेलो, ते तरी सांगा." लोक हसले. तुम्ही हसला नाहीत. कागदाची घडी केलीत, पोरीला बोहल्यावर आणलंत, तिच्या पाठीशी उभे राहिलात आणि अक्षता पडल्या पडल्या न जेवता जीपनं निघून गेलात. हर्षालीचाही मुहूर्त बारा पस्तीसचाच होता, आणि अक्षता पडल्या तेव्हा घड्याळात बरोबर बारा पस्तीस झाले होते. माझ्या आयुष्यातली वेळेवर सुटलेली एकमेव गाडी, आणि मला तिचा आनंद होईना.

निघताना हर्षाली रडत होती. मला वाटलं घर सुटतंय म्हणून. ती म्हणाली, "पप्पा, मामा काय सांगणार व्हता? त्या पावसाचं काय?" मी तिला गाडीत बसवून दिलं. भाऊ, ती येत्या रविवारी मांडवपरतणीला माहेरी येतेय. तुम्ही या. अंगणात बसू. माईक नाही, डबा नाही, सूर्य मावळेपर्यंत बोला. मी तुमच्या पायाशी बसून ऐकेन. लहानांना आशीर्वाद.

आपला चुकलेला,
सोपान

ता. क. योग्य रेझिस्टर आता बसवला आहे. पेठेतल्या दोन वधूपित्यांनी डबा मागितलाय. त्यांना अकरा सेकंदांचाच हवाय.

ता. क. दुसरा. भाऊ, खोटं लिहून पाठवायला मन होत नाही. माझं बोट गोंधळलं नव्हतं. बटण पुन्हा दाबलं असतं तर माईक पुन्हा चालू झाला असता, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण सकाळी तुमचा कागद मी ओझरता पाहिला होता. पावसानंतरच्या मजकुरात मी आहे. मुलगी बघायला तळेघरला आलो तेव्हा चुकून शेजारच्या जानकूभाऊंच्या घरात शिरलो, दोन बशा पोहे खाल्ले आणि त्यांच्या मुलीला पसंती देऊन टाकली, ते. समोर नवे व्याही बसलेले, आणि प्रयागला अठ्ठावीस वर्षांत हे कुणी सांगितलेलं नाही. तेव्हा रविवारी याच, पण तेवढा भाग वगळून.

ता. क. तिसरा. मी डिंक शोधायला गेलो तेवढ्यात पत्र प्रयागच्या हाती लागलं. खालचं अक्षर तिचं आहे.

भाऊ, रविवारपर्यंत थांबू नको, पत्र मिळालं की लगेच ये. कागद सगळा आण. जानकूभाऊंच्या घरचे पोहे कसे व्हते, तेबी मला ऐकायचंय.