शेवट बदललेला उतारा

सिस्टर, गेल्या आठवड्यात मी तुमच्यावर एक उतारा लिहिला आणि त्यात तुम्हाला मरू दिलं नाही. ते कसं झालं ते तुम्हालाच सांगायला हवं.

निवृत्त झाल्यावर मी चीनमधल्या हायस्कूलच्या मुलांसाठी इंग्रजी व्याकरणाचे सराव-उतारे लिहायला लागले. एक छोटी गोष्ट लिहायची, तिच्यातले दहा शब्द काढायचे, मुलांनी ते योग्य रूपात भरायचे. तुम्ही शाळेत फळ्यावर करत होतात तेच. फक्त तुमच्या उताऱ्यात शाळेच्या माळ्याचा कुत्रा मेला, तर तो आदल्या दिवशी खरोखर मेलेला असायचा आणि रिकाम्या जागा भरताना आम्ही रडायचो. इथे लंडनच्या हाउन्सलोला, डोक्यावरून विमानं जात असताना, मी किचन टेबलाशी बसून गुणी मुलांच्या गोष्टी रचते. कुणी झाड लावतो, कुणी आजोबांना फोन वापरायला शिकवते. सगळ्यांचं सगळं छान होतं. वाचून मलाच खोटं वाटतं.

म्हणून या वेळी खरं लिहिलं. कॉन्व्हेंटचं स्वयंपाकघर. चर्चमध्ये प्रसाद म्हणून देतात त्या पातळ पांढऱ्या चकत्या तुम्ही कापताय. गोल कापून काढले की उरलेली भोकाभोकांची कातरणं तुम्ही पत्र्याच्या डब्यात भरता, माझ्यासाठी, कारण मी मधल्या सुट्टीला काही आणत नाही हे तुमच्या लक्षात आलेलं आहे. वर्गात मराठी शब्द निघाला की डोळे वटारणाऱ्या तुम्ही इथे वसईकडच्या हेलात विचारता, "आई कशी आहे गं?" मी म्हणते, "बरी आहे." आई तेव्हा कित्येक महिने अंथरुणाला खिळलेली होती. तिच्यावर मी निबंध लिहिला होता, की ती केक करते आणि पियानो वाजवते. तो तुम्ही वर्गासमोर नाही, त्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी उभ्याने वाचलात. "सुंदर लिहिलंयस," म्हणालात. मी फुलले. "आता खरं लिही." मला इतका राग आला, की कातरणं तिथेच टाकून निघाले. दुसऱ्या दिवशी डबा माझ्या बाकावर होता.

उताऱ्याच्या शेवटी तुमचं मरण होतं. म्हाताऱ्या नन्सच्या घरात तुम्ही आजारी पडता, इंग्लंडमधल्या विद्यार्थिनीला कळवलं जातं, ती येत नाही, तुम्ही जाता. हे उतारे छापणाऱ्या कंपनीची संपादक, चीनमधलीच तरुण मुलगी, व्हिडिओवर आली.

"टीचर, परीक्षेच्या उताऱ्यात मरण चालत नाही. मुलं आधीच दमलेली असतात."

"दमलेल्या मुलांच्या घरी कुणी मरत नाही वाटतं?"

"मरतात ना. माझी आजी माझ्या परीक्षेच्या आठवड्यात गेली. पेपर संपेपर्यंत मला कुणी सांगितलं नाही."

"आणि तरी तू मला हे सांगतेस?"

"म्हणूनच सांगते, टीचर."

मी लॅपटॉप आपटून बंद केला. कॉव्हेंट्रीहून लेकीचा फोन आला, तेव्हा सगळं तिच्यावर काढलं. "आई, रिलॅक्स. एक्सरसाइज आहे तो, कोर्ट नाही. चेंज कर ना ती शेवट."

"तो शेवट."

"बघ, माझापण तू पेपरच तपासतेस. फोन ठेवू का?"

ठेवला तिने. मग मी बसले आणि शेवट बदलला. त्या संपादक मुलीने नाही, मीच. विद्यार्थिनीला निरोप मिळतो, ती त्याच दिवशी निघते, दार ढकलून आत येते. तुम्ही उशीला टेकून बसलेल्या, शेजारी पत्र्याचा डबा. "आलीस?" एवढंच म्हणता. दहा शब्द काढून उतारा पाठवून दिला. उत्तर लगेच आलं: "सुंदर झालाय, टीचर."

ते मी दोनदा वाचलं. तुमच्या शेवटच्या आजारात मदर सुपिरियरनी मला लिहिलं होतं, की सिस्टर रोज तुझी आठवण काढतात, जमलं तर येऊन जा. मी दोन पानी पत्र धाडलं, एकही स्वल्पविराम न चुकलेलं, तुम्हीच शिकवलेल्या इंग्रजीत. ऑफिसात माणसं कमी आहेत, रजा नाकारली, मन मात्र तुमच्यापाशी आहे. तुम्ही गेल्यावर मदरनी कळवलं, की ते तुम्ही दोनदा वाचून दाखवायला लावलंत आणि म्हणालात, "सुंदर लिहिलंय." पुढे काही बोलला नाहीत म्हणे. मदरना वाटलं, ते कौतुक होतं.

तेव्हापासून मी जगावर तोंड टाकत आले आहे, कौन्सिलवर, जीपी डॉक्टरच्या रिसेप्शनवर, आता त्या कोवळ्या आवाजाच्या संपादक मुलीवर, सगळे खोटं बोलतात म्हणून. आणि तिकडे दमलेली मुलं आता भरत असतील: ती निघाली, ती पोचली. उत्तरं बरोबर आहेत म्हणून त्यांना मार्क मिळतील.

हा कागद त्या डब्यात ठेवणार आहे. डबा अजून आहे, झाकण नीट बसत नाही. पत्ता असता तरी मी हे पाठवलं नसतं. रजा कुणी नाकारली नव्हती, सिस्टर. मी मागितलीच नव्हती.